यंत्राची यादी

'नाही' हा एकच शब्द टेबलावर ठेवून सुनंदाबाई थांबल्या होत्या, आणि तो उचलायला कुणी तयार नव्हते.

फैजपूरच्या केळी-उत्पादक संघाचे अध्यक्ष रतिलालभाऊ पानाचा डबा उघडत होते, मिटत होते. कारकून आधार नुकत्याच छापलेल्या यादीवर नजर खिळवून बसला होता.

"एक नाव वर घ्यायचं, बाई. माझं. माल उद्या निघाला नाही तर झाडावरच पिकेल."

"या फेरीचं काम रविवारी बंद झालं, भाऊ. पुढच्या फेरीत या."

रेल्वेचे डबे मोजके आणि बागा शेकडो. कुणाचा माल कधी जायचा, हे पूर्वी ज्याचा आवाज मोठा तो ठरवी. यादी वाचताना आधारने भर अंगणात दोनदा मार खाल्ला होता. मग जळगावच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या सुनंदाबाईंनी आराखडा मांडला. नियम सगळ्यांनी मिळून लिहायचे, धुळ्याच्या दोघा प्राध्यापकांनी तपासायचे, आणि मुंबईच्या गणनकेंद्रातल्या यंत्राने यादी काढायची. पंधरा दिवसांची एक फेरी. रविवारपर्यंत आलेल्या तक्रारींनुसार नियम सुधारायचे. उरलेले पुढच्या फेरीला.

कागदांचे पार्सल बाई स्वतः जळगावहून पाठवत. यंत्राचे उत्तर इंग्रजीत येई, म्हणून ते मराठीत उतरवून आणत. त्यांच्या बोटावर शाईचा घट्टा पडला होता. त्यांनी उतरवलेल्या कागदावरून आधार छपाईची स्टेन्सिल कापी.

फाल्गुनापासून तीन फेऱ्या झाल्या. एकदाही हात उगारला गेला नाही. द्रौपदाबाईची अर्ध्या एकराची बाग अध्यक्षांच्या वर लागली, तेव्हा म्हातारीने कागदाला हात लावून कपाळी नेला होता. "मशीनले ना जात, ना सोयरे," ती म्हणाली होती. त्या दिवसापासून आधार अंगणातून मान वर करून चालू लागला होता.

"बाई, एक सांगू?" रतिलालभाऊ हसले. "गाव तुमचं ऐकत नाही. बाईमाणसाचं कोण ऐकतो? गाव यंत्राचं ऐकतं. तेव्हा मी यंत्राशीच बोलतो. आधार, मुंबईला ट्रंककॉल लाव."

आधारने बाईंकडे पाहिले.

"लाव ना," बाई म्हणाल्या. "यांच्याकरता नियम वाकणार असेल, तर मुंबईनं तसं सांगावं."

"ताठा तर बघा!"

दोन तास कुणी उठले नाही. उन्हाची पट्टी फरशीवरून सरकत भिंतीला टेकली. बाई विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत राहिल्या. लाल रेघ एकदाही वाकडी गेली नाही.

घंटी वाजली. रतिलालभाऊंनी झडप घातली, क्षणभर ऐकले आणि फोन आधारच्या हाती कोंबला. "इंग्रजी फाडतोय. तू बोल. सांग, अध्यक्षांचं नाव पहिलं."

आधारने विचारले. तारेच्या खरखरीतून एक संथ, सभ्य आवाज आला. फैजपूर? हो, आठवते. ते काम आम्ही जानेवारीतच नाकारले. कागद परत केले, तुमच्या बाईंना पत्रही लिहिले. आमच्या यंत्रावर तुमची एकही यादी कधी निघालेली नाही.

आधारने फोन ठेवला. बाईंनी वहीतून डोके वर काढले नव्हते.

"काय म्हणालं यंत्र?" रतिलालभाऊंनी विचारले.

आधारने चौथी यादी उचलली, खळीचा डबा घेतला, आणि तो अंगणातल्या फळ्याकडे चालू लागला.