खिडकीखालचं गवत

आईला भेटायला आलेला धाकटा भाऊ हातातली बॅग टाकून थेट हिरवळीवर गेला. खिडकीखालचं गवत पार पिवळं पडलं होतं. त्यानेच हौसेने बसवून दिलेल्या फवाऱ्यांपैकी तिथला एक बंद होता. त्याने गाळणी धुतली, पाइप तपासला, शेवटी चिडून फवाराच उपसून काढला. खाली चक्क बूच ठोकलेलं.

"ताई! हा गाढवपणा कुणाचा?"

"माझा," ताई बाहेर येत म्हणाली. "पाणी काचेवर आपटलं की आईला पाऊस आल्यासारखं वाटतं. वाळत घातलेले कपडे काढायला धावते."

"मग फवाऱ्याचं तोंड फिरवायचं! बंद कशाला करायचा?"

"फिरवून पाहिलं. नुसता आवाज आला तरी धावते. गेल्या आठवड्यात पायरीवरून पडली."

"आणि हे मला आत्ता सांगतेस?" तो ओरडला.

"सांगायला कशाला हवं?" ताईने हातातलं फडकं त्याच्या पायाशी आपटलं. "हाताला प्लास्टर घालून ती केव्हाची दारात बसलीये. तिच्यासमोरूनच गेलास ना तू, गवत बघायला?"