शुद्ध उच्चार

मालूला आत बोलावलं, तेव्हा तिचा बाप गोमाजी बाहेरच्या बाकड्याचं टोक धरून बसला. ठाण्याचं सरकारी ऑफिस, आणि टेलिफोनवरच्या नोकरीची ही तिची तिसरी मुलाखत. पुढच्या महिन्यात वयाची अट आडवी येणार होती. आज जमलं तर जमलं, नाहीतर जन्मभर आईसारखी डोक्यावर मासळीची टोपली.

आधीच्या दोन्ही वेळी घोडं एकाच जागी अडलं होतं. ती 'इस्टूल' म्हणाली, 'टेसन' म्हणाली, 'हापिस' म्हणाली आणि साहेबलोक हसले. एकाने तर विचारलं, घरात असं कोण बोलतं? मालू दोन दिवस जेवली नाही. गोमाजीच्या मात्र तो प्रश्न मनातून गेला नाही. घरात असं बोलणारा तोच.

मग डोंबिवलीच्या उत्तराबाईंनी तिला हाताशी धरलं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, मालूच्या आईचं जुनं गिऱ्हाईक. त्या म्हणायच्या, मद्रासी 'एम'ला 'यम' म्हणतो, बंगाली 'भेरी गुड' म्हणतो, नागपूरकर 'कालेज' म्हणतो. त्यांचं चालतं, हसतात ते तुम्हालाच. मालू वर्षभर घोकत राहिली. आता कोपरच्या घरात ती बोलायला लागली की शेजारीण ओट्यावरून विचारी, कोण पाहुणी आलीय? गोमाजीला लेक परकी झाल्याचं वाईट वाटे आणि त्याहून जास्त बरं वाटे. तिच्यासमोर तो बोलेनासाच झाला होता.

या वेळचा अर्ज बाईंनी भरला, दाखलेही त्यांनीच जोडले. त्यांनी दाखवलं तिथे गोमाजीने अंगठे उमटवले. कागदात काय आहे ते त्याने विचारलं नाही. शिकलेल्या बाई, चांगलंच लिहिलं असणार.

दार उघडलं. एक साहेब एकटेच बाहेर आले आणि त्यांनी मागे दार ओढून घेतलं. हातात मालूचा अर्ज होता. गोमाजीची लाल टोपी, कमरेचा रुमाल, त्यांनी सगळं न्याहाळलं.

"आत बसलेली मुलगी फारच शुद्ध बोलते," ते म्हणाले. "तुमची का?"

गोमाजीला तो जुना प्रश्न आठवला, घरात असं कोण बोलतं? एवढं सगळं करून शेवटी पोरीची माती आपल्याच पायी व्हायची. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. गिळताना डोळ्यांत पाणी आलं, म्हणून त्याने मान खाली घातली.

"नाय साएब," तो म्हणाला. "ती शिकल्याल्या घरची हाय. मी निस्ता सोबत आयलू."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि अर्जावर आडवी रेघ ओढली.

"वाटलंच मला. जागा खाडीवरच्या कोळ्यांच्या मुलींसाठी राखीव, आणि दाखला खोटा."