उशीकडचा बाण

माझी नात अंकिता लॅपटॉपवर आमच्या कुंभारीच्या घराचा नकाशा करत होती.

"आजी, उत्तरेचा बाण ग्रिडच्या रेषेत बसवला, की परत वळतोय बघ."

"कुटं वळतोय?"

"आजोबांच्या उशीकडं."

उत्तरेला डोकं मयताचं करतात. चाळीस वर्षांपूर्वी सासूबाईंचं मीच केलं होतं. म्हणून तर आजारी पडल्यावर ह्यांची उशी मी पूर्वेला ठेवली होती.

आम्ही दोघींनी बाज फिरवून उशी दक्षिणेला केली. अंकिता लॅपटॉपकडे धावली. बाणही दक्षिणेला वळला होता.

पश्चिमेला केली. तिथंही तेच.

मी पुन्हा बाजेला हात लावला, तेव्हा आठ दिवस न बोललेले हे डोळे मिटूनच म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे की गं. डोकं नीट लागलंय."