प्लायवूडचं जेट

आत्याने कमरेचा पट्टा घट्ट आवळला, खुर्चीचे दोन्ही हात पकडले आणि डोळे मिटून घेतले. तेव्हा कुठे भाचीच्या डोक्यात प्रकाश पडला. हे विमान उडणार नाही, हे आत्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

विमान प्लायवूडचं होतं. त्याला पंख नव्हते, इंजिन नव्हतं, चाकंही नव्हती. कारखान्याच्या एका शेडमध्ये लोखंडी टेकूंवर ठेवलेली ती एक लांबलचक नळी होती. आत मात्र खऱ्या खुर्च्या, खऱ्या खिडक्या, खरा गालिचा. इंजिनाचा आवाज लाउडस्पीकरमधून यायचा आणि पायाखालची थरथर एका मोटरीची.

कारखाना सुरू झाला तो शेतांवर औषध फवारणाऱ्या इवल्याशा विमानांवर. मग शिकाऊ वैमानिकांची विमानं झाली, मग छोट्या गावांना जोडणारी, पंख्यावर उडणारी. आता पहिल्यांदाच जेट करायचं घाटत होतं. कागदावर ते केव्हाच तयार होतं. पण पहिली ऑर्डर आल्याशिवाय खऱ्या पत्र्याला कात्री लावायची नाही, असं संचालकांनी बजावलं होतं. म्हणून गिऱ्हाइकाला बसवून दाखवायला हा प्लायवूडचा नमुना.

ती ऑर्डर देऊ शकणारा माणूस शेवटच्या रांगेत बसला होता. एका लहानशा विमान कंपनीचा मालक. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. आल्या आल्या त्याने कारखान्याच्या मोठ्या साहेबांना सुनावलं होतं, "माझे निम्मे प्रवासी कालपर्यंत बसने जाणारे. पंखा फिरताना दिसला की त्यांना धीर येतो. तुमच्या जेटमध्ये काही फिरताना दिसतच नाही. घाबरले, तर परत बसमध्ये जाऊन बसतील."

म्हणून त्याला खुर्च्यांवर अधिकारी नको होते, साधी माणसं हवी होती. कामगार पाळीवर होते. मग ज्याने त्याने घरची माणसं आणली. कुणी सासूबाई, कुणी मेहुणा. भाचीने आत्याला आणलं. आत्या अंगापिंडाने भरलेली, गुडघ्यांनी बेजार, आणि आजवर विमानाची पायरीही न चढलेली.

भाचीचा जीव खुर्च्यांत अडकला होता. त्या तिनेच आखल्या होत्या. रुंद बैठक हवी म्हणून तिने एका ओळीत चारऐवजी तीनच बसवल्या, तेव्हापासून हिशेबखात्याचे प्रमुख तिच्याशी धड बोलत नव्हते. "विमान विकायचंय की दिवाणखाना?" असं त्यांनी भर बैठकीत विचारलं होतं.

"बेबी, निघालं का गं?" आत्याने डोळे मिटूनच विचारलं.

एवढ्या लोकांसमोर खरं सांगून तिला खजील कसं करायचं? भाची म्हणाली, "हं. निघतंय."

थोड्या वेळाने आत्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. खिडकीतून बाहेर पाहिलं. खुर्चीवरची पकड सैल झाली. पलीकडे स्टोअरकीपरची आई बसली होती. दोघींनी आधी गुडघ्यांची चौकशी केली, मग सुनांची. सुनांवर गप्पा रंगात आलेल्या असतानाच आत्याची मान मागे टेकली, तोंड उघडं पडलं आणि ती घोरू लागली. लाउडस्पीकरच्या वरताण.

भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे वळून बघायची तिची हिंमत होईना.

अखेर लाउडस्पीकरचा आवाज थांबला. मालक उठून पुढे आला आणि नेमका आत्यापाशी थांबला.

"मावशी, कसा झाला प्रवास?"

आत्याने डोळे चोळले.

"अहो, काय सांगू! उडालं कधी ते कळलं नाही, आणि टेकलं कधी तेही कळलं नाही!"

स्टोअरकीपरच्या आईला हसू आवरेना, आणि पाहता पाहता अख्खं विमान हसू लागलं. मालकाचे आधी नुसते खांदे हलले. मग त्याला शेजारच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"साहेब," डोळे पुसत तो म्हणाला, "दहा घेतो. पण खुर्च्या ह्याच. इंचभरही कमी केलेलं चालणार नाही."

सर्वांत आधी टाळी वाजली ती हिशेबखात्याच्या प्रमुखांची.

कँटीनमध्ये भाचीने आत्यासमोर चहा ठेवला. आनंदाने तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते, पण मन खात होतं.

"आत्या, एक सांगते. रागवू नकोस. ते विमान ना… ते उडालंच नव्हतं."

आत्याने शांतपणे बिस्किट चहात बुडवलं. "अगं बेबे, खिडकीतून सारखा एकच वॉचमन दिसत होता. विमान उडत होतं, तर तोही आमच्याबरोबर उडत होता म्हणायचं!"

भाचीने विचारलं, "मग ते उडालं, टेकलं…?"

"सुरुवातीला खरंच वाटलं हो उडणार म्हणून. घाबरलेही. वॉचमन दिसला तेव्हा उमगलं. पण त्या माणसाचं तोंड बघवेना. म्हटलं, हसल्याशिवाय हा काही घेत नाही."

भाचीचा चेहरा उतरला. पहिली ऑर्डर, पहिलं जेट, आणि तेही एका थापेवर. तिने हळूच विचारलं, "म्हणजे घोरणंही नाटकच?"

"छे गं!" आत्या एकदम दुखावली. "दोन वर्षं झाली, ह्या गुडघ्यांनी मला झोपू दिलं नव्हतं. आज तुझ्या खुर्चीत दिलं."