कमीत कमी

भिंतीवर नोटीस लागली आणि दहा मिनिटांत मेव्हणा धुलाईखान्यातून वर आला. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. इस्पितळाच्या कारकुनासमोर, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यासमोर, त्यानं यादीची प्रत ठेवली. नोकरीला लागल्याच्या क्रमानं लिहिलेल्या चौदा नावांतली तळाची तीन खोडलेली होती. त्यांतलं सगळ्यांत वरचं त्याचं.

"भाऊजी, हे तुमच्या कॉम्प्युटरनं काढलं म्हणे."

"नावं नाही रे. मी फक्त आकडा काढला. अकरा."

कारकून खोटं बोलत नव्हता. नवी संगणकभाषा शिकायची म्हणून तो वर्षभर रोज सकाळी एक कोडं सोडवत होता. साहेबांच्या ते कानावर गेलं. "आमचंही एक सोडवा की," ते म्हणाले. कपडे किती, कुठल्या वॉर्डाचे, कधी हवेत, सगळं त्यांनी लिहून दिलं. कमीत कमी किती माणसांत भागेल, एवढंच विचारलं. शिवाय समोरच्या खुर्चीत बसायलाही सांगितलं. एरवी तो दारातच उभा असायचा.

"पन्नाशीत पाटी-पेन्सिल घेतलीत म्हणून ताई आणि मी किती हसायचो," मेव्हणा म्हणाला. "तिला तुम्ही सांगणार की मी?"

कारकुनानं यादीची प्रत उलटी करून ठेवली.

"बरं, दाखवा तरी. बघू दे, कशात गेलो ते."

कारकुनानं स्क्रीन त्याच्याकडे वळवला. सुरुवातीला तो चाचरत होता. "हे बघ, इस्त्रीचा रूळ तापायला पंचवीस मिनिटं लागतात. तोवर तिथला माणूस नुसताच उभा. त्याला तेवढा वेळ घड्या घालायला पाठवला, की घड्यांवरचा एक माणूस सुटतो. हे सुचायलाच वेळ लागला. सुचल्यावर मात्र सगळं नऊ ओळींत बसलं!" त्याचा आवाज चढला होता. बोट स्क्रीनवर झरझर फिरत होतं.

"रुळावर मीच असतो," मेव्हणा म्हणाला. "उभा नसायचो, भाऊजी. तेवढंच जरा बसायचो."

बोट थांबलं.

खाली कुणीतरी यंत्र सुरू केलं. टेबलावरची टाचणी थरथरू लागली. मेव्हण्यानं वाकून स्क्रीनवरची वरची ओळ वाचली.

"इथं बारा लिहिलंय."

"ते पहिलं उत्तर. शुक्रवारचं."

"साहेबांना दाखवलं नाहीत?"

"दाखवलं. झकास म्हणाले. बारा चालतील म्हणाले."

"मग?"

कारकुनानं चष्मा काढला. पुसला नाही, नुसताच हातात धरून बसला.

"रविवार मोकळा होता," तो म्हणाला.