फुलाफुलांचा पट्टा

नवऱ्याची हाडं मोडली त्याचं दुःख आहेच, पण माझं डोकं फिरलं ते साहेबांच्या मोबाइलमुळे. हे काचा बसवणारे कारागीर. बांधकामावर माणसं वर नेणाऱ्या लिफ्टच्या पाळण्यातून हे खाली पडले. कंबर गेली, दोन्ही टाचा गेल्या. चौथ्या दिवशी सुरक्षेचं काम बघणारे साहेब दवाखान्यात आले आणि खुर्ची ओढून म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे प्रत्येकाला कमरेला-मांड्यांना बांधायचा वेगळा सुरक्षा पट्टा आहे. रोज सकाळी तो बांधल्याचा फोटो काढतो आम्ही. हा बघा त्या दिवशीचा, तुमच्या मिस्टरांचा. वर जाऊन यांनीच सोडला असणार." फोटोत पट्टा होता खरा. मांडीला काचतो म्हणून यांनी तो एकदा घरी आणला होता, तेव्हा मीच त्यावर उशीच्या अभ्र्याचा फुलाफुलांचा तुकडा शिवून दिला होता. मी म्हटलं, "पुढचा फोटो दाखवा." पुढचा वेल्डर होता. त्याच्या मांडीवर माझी फुलं. त्यापुढचा रंगारी, त्याच्याही मांडीवर माझीच फुलं. फोटोंवरची वेळ पाहिली, तिन्ही फोटो पाच मिनिटांतले. "साहेब, मी तुकडा एकाच पट्ट्याला शिवला होता." साहेब चाचरले, "ते फोटोपुरतं होतं कधीकधी." "बरं. मग आज सकाळचे दाखवा. ही फुलं आज किती जणांच्या मांडीवर आहेत, तेवढं तरी मोजते." साहेबांनी मोबाइल खिशात घातला.