स्पष्ट ठसा

शहरातल्या एका फ्लॅटमधल्या चोरीचा तपास करत फौजदार थेट मोखाड्याच्या पाड्यावर आला. त्या बिल्डिंगवर काम केलेल्या बारा मजुरांमधून त्याने एकट्या सोन्यालाच उचललं.

"कातकरी ना तू? नाव वाचलं तेव्हाच समजलो," तो म्हणाला. "आणि कपाटावर तुझ्याच अंगठ्याचा ठसा आहे. एकदम स्पष्ट."

सिमेंट कालवून कालवून गुळगुळीत झालेल्या सोन्याच्या हातांत बेडी पडली. पाड्यावरची माणसं दारांआड सरली. फक्त त्याची बायको ठकी झोपडीतून रेशनकार्ड घेऊन धावत आली आणि जीपसमोर उभी राहिली.



"सायेब, तो ठसा आमाला द्या. तीन महिने रेशनवाला परत धाडतो, म्हणतो, याचा अंगठा मशीनवर उमटतच नाय!"